ओलांडे भरायचे आहेत: एका एकराच्या खरड छाटणीच्या नोंदी

26 मार्च

प्लॉट: वरच्या विहिरीजवळची एक एकर द्राक्षबाग, तासगाव तालुका. जात तास-ए-गणेश, डॉगरिज खुंटावर (कलमाखालच्या मुळांच्या जातीवर). लागवड 9 बाय 5 फुटांवर, म्हणजे 968 वेली. वाय सांगाडा, ओळी दक्षिणोत्तर, बागेचं वय बारा वर्षं. शेवटचा माल 10 मार्चला उतरला. तेव्हापासून बागेला विसावा चालू आहे. हलकं पाणी आणि थोडं नत्र, बाकी काही नाही. घडांनी ओढून नेलेलं अन्न वेलीला पुन्हा खोडात, ओलांड्यात (खोडापासून तारेवर आडव्या नेलेल्या कायमच्या फांदीत) साठवू द्यायचं तर छाटणीआधी महिनाभर पानं टिकवावी लागतात.

यंदाचं काम एकच. ओलांड्यावरच्या रिकाम्या जागा भरायच्या. आज आण्णा (माझे सासरे) आणि मी दोघांनी ओळीनं फिरून, जिथे वीतभर किंवा त्याहून जास्त ओलांडा बोडका आहे त्या प्रत्येक वेलीला पिवळी पट्टी बांधली. 968 पैकी 214 वेली निघाल्या. बहुतेक ठिकाणी खोडाजवळचा भाग मोकळा, सगळी फूट टोकाकडे. बोडक्या ओलांड्यावर दुपारचं ऊन थेट पडतं, साल तडकते, मग तिथले उरलेसुरले डोळेही फुटेनासे होतात. आणि टोकाला काड्यांची दाटी झाली की हवा खेळत नाही, घडांवर भुरी (पांढरी बुरशी) आधी तिथेच येते.

तास-ए-गणेश ही जात आपल्याच तालुक्यातली. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून ती निवडली. इथल्या माणसाला ती चांगली कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते, म्हणून तिथे मुख्य छाटणी वर्षातून एकदाच. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळासाठी गोडी छाटणी. छाटण्या दोन, पीक एक. गोडी छाटणीला सगळं घर बागेत असतं, सल्ला विचारायला फोनवर फोन होतात. खरड छाटणी मात्र टोळीच्या सवडीनं, उक्ती देऊन उरकली जाते. ऑक्टोबरनंतर जो घड बाहेर येतो तो मे-जूनच्या उन्हात डोळ्याच्या आत बनलेला असतो. त्यामुळे माझ्या मते वर्षातली मोठी छाटणी हीच.

2 एप्रिल

बोदाच्या (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्याच्या) एका बाजूनं चारी काढली, खोडापासून दीड-दोन फूट सोडून. जुनी जाड मुळं काही तुटली, ती तुटायलाच हवीत. तिथून पांढरी मुळी सुटते. चारीत शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट भरून माती ओढली. बोदावर उसाचं पाचट पसरायचं आहे, दोन ट्रॉल्या सांगितल्या. म्हैसाळ योजनेचं आवर्तन चालू आहे तोवर शेततळं भरून घेतोय.

9 एप्रिल

तारखेवर आज बराच वेळ बोलणं झालं. आण्णांचं म्हणणं, 20 तारखेच्या पुढे जाऊ, तेवढा वेलीला विसावा जास्त. त्यात तथ्य आहे. पण छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि त्या वीस दिवसांत पानांवर भरपूर ऊन लागतं. 11 एप्रिलला छाटलं तर तो काळ 21 मे ते 10 जून असा येतो. बहुतेक ऊन पदरात पडतं. 25 एप्रिलला छाटलं तर तोच काळ 4 ते 24 जूनवर जातो, म्हणजे मृगाचे ढग डोक्यावर. ढगाळ हवेत डोळा घडाकडे वळायचा तो बाळीकडे (घडाऐवजी निघणाऱ्या ताण्याकडे) वळतो. उशिरा छाटलेल्या बागांत गोडी छाटणीनंतर बाळ्या आणि वांझ फूट जास्त दिसते, ती यामुळेच.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग अकराच धर. पण आज पोटभर पाणी दे, कोरड्या मुळीवर कात्री लावायची नाही." संध्याकाळी पाणी सोडलं, वाफसा येईल अशा बेतानं.

11 एप्रिल

छाटणी झाली. टोळी सकाळी साडेसहाला आली, अकराला थांबली, पुन्हा चार ते साडेसहा.

मुकादमांशी आधीच बोलून ठेवलं होतं: उक्तं नाही, रोजानं. उक्त्यात कात्री पळते. आणि पिवळी पट्टी दिसली की त्या वेलीला हात लावण्याआधी मला हाक मारायची.

पट्टी नसलेल्या वेलींचं काम सरळ. प्रत्येक काडीचा तळाचा एक डोळा राखून वरचं सगळं काढायचं. काप डोळ्याच्या वर अर्ध्या बोटावर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता. कात्रीचं पातं राखायच्या बाजूला, म्हणजे चेंगरलेला भाग कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर जातो. गेल्या वर्षीचे वाळलेले खुंट (ओलांड्यावर उरलेले काड्यांचे तळ) मुळापासून काढले. ते ठेवले की आत मिलीबग (पिठ्या ढेकूण) घर करते. जुनी सुटी सालही हातानं खरवडून घेतली आणि घमेल्यात गोळा करून जाळली, कारण उडद्याही (डोळे खाणारा भुंगेरा) त्याच सालीखाली बसतो.

पट्टी असलेल्या वेलींवर वेळ गेला. मोकळ्या जागेच्या अलीकडची एक काडी निवडायची, पेन्सिलीएवढी जाड, साधारण 8 ते 10 मिलिमीटरची, गोल, तपकिरी. ती छाटायची नाही. हळूहळू वाकवून ओलांड्याच्या तारेवर आडवी झोपवायची आणि सुतळीनं तीन जागी बांधायची, रिकाम्या जागेला पुरेल एवढीच लांब. वाकवताना अंगठा काडीच्या खाली आणि बोटं वर, पेराच्या जवळ जोर द्यायचा नाही. पहाटेच्या गारव्यात काडी वाकते, दहानंतर कटकन मोडते; म्हणून सगळ्या पट्ट्यांच्या वेली सकाळच्या पाळीत घेतल्या. टोळीतल्या दोन मावश्यांचा हात इतका बसला की त्यांच्या ओळीत एकही काडी मोडली नाही.

काही वेलींना जवळपास तशी काडीच नव्हती. तिथे खोडाजवळ डोळा दिसेल त्या ठिकाणी सालीवर निळी खूण केली, उद्या पेस्टिंगला (डोळे फुटवणारं औषध लावायला) उपयोगी.

दुपारपर्यंत कापांच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमायला लागले. मुळी चालू आहे. मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

छाटलेल्या काड्या बाहेर फेकल्या नाहीत. रोगट तेवढ्या वेगळ्या काढल्या, बाकी ओळीत कुट्टी करून पाचटाखाली.

12 एप्रिल

हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग. उन्हाळ्यात मात्रा हलकी ठेवावी लागते. पारा 39 वर आहे म्हणून लिटरला 25 मिली. थंडीत लागतं तेवढं या उन्हात लावलं तर डोळे भाजतात. द्रावणात लाल रंग मिसळला, म्हणजे कुठला डोळा राहिला ते लगेच कळतं.

पेस्टिंग सरसकट केलं नाही. टोकाकडचे डोळे तसेही आधी फुटतात, वेलीचा ओढाच तिकडे असतो. त्यांना औषध लावलं तर तेच आणखी पुढे पळतात आणि खोडाजवळचे मागे राहतात, म्हणजे बोडका भाग बोडकाच. म्हणून टोकाचे दोन-तीन खुंट कोरडे सोडले. आडव्या बांधलेल्या काड्यांचे फक्त वरच्या अंगाचे डोळे रंगवले, खालच्या अंगाचे सोडून दिले.

हे औषध विषारी आहे, नोंदीत स्पष्ट लिहून ठेवते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा. आणि दारू घेतलेल्या किंवा दोन-तीन दिवसांत घेणार असलेल्या माणसाला या कामावर लावायचं नाही. अंग लाल होतं, धाप लागते, छाती धडधडते. मुकादमांना हे सर्वांसमोर सांगायला लावलं. एक जण स्वतःहून पुढे आला, त्याला पाचट पसरायच्या कामाला दिलं आणि रोज पूर्ण दिला.

17 एप्रिल

40 अंश. ओलांडे उघडे आहेत, त्यामुळे रोज सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ओलांड्यांवर साध्या पाण्याची फवारणी. आर्द्रता राहिली की डोळा सुटतो. पाचटाखाली हात घातला तर माती गार लागते.

22 एप्रिल

फूट निघाली. कापसल्यासारखे पांढुरके डोळे आधी खोडाजवळ दिसले, मग टोकाला. हेच हवं होतं.

उडद्या आलाच. फुगलेला डोळा आतून पोखरून खातो. एक डोळा गेला की ती जागा वर्षभर रिकामी. आण्णा पहाटे बॅटरी घेऊन जातात, ओलांड्याखाली छत्री उलटी धरून काडी झटकतात, छत्रीत पडलेले किडे रॉकेलच्या पाण्यात. निळ्या खुणांच्या वेली रोज, बाकीच्या एक दिवसाआड.

30 एप्रिल

वळीव झाला. गारा फक्त पाचेक मिनिटं, हरभऱ्याएवढ्या. शेंड्यांना किरकोळ मार. वरच्या बांधावरच्या चिंचेची एक फांदी तारेवर पडली होती, काढली.

5 मे

फेलफूट (नको असलेली जादा फूट) काढली. वेलीला चार-पाच पानांची फूट झाली आहे, कोवळी आहे तोवर बोटानंच निघते. आणखी आठ दिवस थांबलं तर कात्री लागते आणि जखम राहते.

किती ठेवायची, हा या कामातला खरा प्रश्न. बघताना वाटतं, इतकी टवटवीत फूट काढून टाकायची? पण 45 चौरस फुटांत एक वेल आहे आणि दीड चौरस फुटाला एक घड धरला तर वेलीला तीसच घड पोसतात. काही काड्या वांझ निघतील असं धरून वेलीला 36 ते 40 काड्या पुरतात. हाताला बसेल असं माप काढलं: दोन खुंटांत चार बोटांचं अंतर, आणि प्रत्येक खुंटाला दोनच काड्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. ओलांड्याची लांबी पाच फूट. त्यात असे वीस खुंट बसतात, काड्या चाळीस.

ठेवायची काडी मध्यम जाडीची. अंगठ्याएवढी मातलेली फूटही काढली आणि सुतासारखी बारीकही काढली. मातलेल्या काडीला पेरं लांब पडतात, डोळे चपटे राहतात, त्यात घड क्वचित. टोळीला हे पटवायला सगळ्यात जास्त बोलावं लागलं, कारण जोमदार काडी मोडणं कुणालाच बरं वाटत नाही. शेवटी एका वेलीवर दोन्ही काड्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ही नुसती अंगानं वाढलीय." त्यानंतर त्यांनी सगळ्या ओळी त्याच नजरेनं केल्या.

आडव्या बांधलेल्या काड्यांवर वरच्या अंगाची फूट चार बोटांवर राखली, बाकी काढली. त्या आता ओलांड्याचाच भाग आहेत.

पाणी: दिवसाचं बाष्पीभवन 8 मिलिमीटर धरलं तर वाढीच्या या काळात एकराला साधारण साडेतेरा हजार लिटर लागतं. वेलीला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे पावणेदोन तास.

14 मे

सबकेन. काडीला नऊ पानं झाली की सातव्या पानावर शेंडा खुडायचा. वरच्या डोळ्यातून बगलफूट (पानाच्या बगलेतली फूट) सरळ वर निघते, तीच सबकेन; खालच्या बगलफुटी काढून टाकायच्या. सबकेनला पाच पानं झाली की तिचाही शेंडा मारायचा. जिथे मूळ काडी संपते आणि सबकेन सुरू होते तिथे गाठ बनते. वाढीचा वेग त्या जागी अडतो, अन्न साठतं, आणि त्या गाठीच्या खालचे-वरचे डोळे बहुधा घडाचे निघतात. डॉगरिजसारख्या जोमाच्या खुंटावर हे करावंच लागतं, नाहीतर काडी नुसती पळत सुटते.

वाढ आवरायला बरेच जण क्लोरमेक्वाट क्लोराईड म्हणजे लिहोसिन फवारतात. मी टाळते. ते वेलीत साठून राहतं आणि पुढे मण्यात उतरतं. 2010 मध्ये याच रसायनाच्या उर्वरित अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती आणि त्याचा फटका किती घरांना बसला ते इथे सर्वांना आठवतं. शेंडा वेळेवर खुडणं आणि पाणी हातात ठेवणं, एवढ्यावर वाढ आवरता येते. त्याला रोज बागेत जावं लागतं, एवढंच.

24 मे

पाणी एक तृतीयांशावर आणलं. पावणेदोन तासांऐवजी पस्तीस मिनिटं. दुपारी शेंडे किंचित मलूल दिसतात, सकाळी पुन्हा ताठ. असंच हवं. सकाळीही मलूल दिसले तर पाच-दहा मिनिटं वाढवायची. नत्र बंद, ठिबकमधून 0:52:34 (स्फुरद आणि पालाशाचं विद्राव्य खत).

आज ऊन मोजलं. कुठलं यंत्र नाही. दुपारी साडेबाराला मांडवाखाली बसून जमिनीवरचे कवडसे पाहिले. ज्या ओळीत जमीन पूर्ण सावलीत होती तिथे आतली पानं पिवळी पडायला लागली होती. आतलं पान स्वतःला पुरेल एवढंही अन्न करत नसेल तर ते वेलीवर भारच. तिथल्या बगलफुटी काढल्या, काड्या तारेवर पंख्यासारख्या पसरून बांधल्या. पुन्हा खाली बसले तेव्हा पाटीएवढ्या जागेत दहा-बारा कवडसे हलताना दिसले. डोळा देठाच्या बगलेत असतो, त्याला ऊन लागायचं तर बाहेरच्या दोन थरांतून ते आत यावं लागतं. घड बनायला मदत करणारं 6-बीए हे संजीवक 10 पीपीएमनं (शंभर लिटरला एक ग्रॅम) फवारलं आहे, युरासिलही आणून ठेवलं आहे. पण सावलीतल्या डोळ्यावर कितीही महागडं औषध मारलं तरी घड बनत नाही, आणि आधी काड्या पसरवून मगच पंप काढायचा हा क्रम मी यापुढे कुणासाठीही बदलणार नाही.

बांधाजवळच्या शेवटच्या ओळीवर चिंचेची सावली दुपारनंतर पडते. तिथे काड्या पसरून उपयोग नाही.

26 मे

वेलीत कुठलं अन्नद्रव्य किती आहे ते कळायला देठ परीक्षणासाठी नमुने घेतले. छाटणीनंतर 45 व्या दिवसाचा नमुना, तळापासून पाचव्या पानाचा देठ, पातं खुडून टाकून. ओळी तिरक्या ओलांडत नमुने गोळा केले, चिंचेखालची ओळ वगळून.

8 जून

पहिला मोठा पाऊस. वास सुटला नि त्याच संध्याकाळी दिव्यावर खोडकिड्याचे भुंगेरे. पावसाच्या तोंडाला ते बाहेर पडतात आणि मादी सालीखाली अंडी घालते. खोडं वरपासून खालपर्यंत हातानं चाचपली. तीन खोडांवर भुसा दिसला. तारेनं अळी काढून भोकं मातीनं लिंपली.

कोवळी पानं ओली राहिली की करपा आणि केवडा हे रोग येतात. उद्या 1 टक्का बोर्डो. मिश्रण झालं की आण्णा घासलेला विळा त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त, आणखी चुना. सामू मोजायची पट्टी घरात आहे, तरी विळ्याची खात्री झाल्याशिवाय ते पंपाला हात लावू देत नाहीत, आणि दोन्हींचं उत्तर दर वेळी जुळतं.

25 जून

सलग ढग. छाटणी पंधरा दिवस उशिरा केलेल्या बागांची घडनिर्मिती आज या ढगाखाली संपते आहे. आमची 10 तारखेलाच संपली.

पालाश चालू केलं: 0:0:50 ठिबकमधून. पावसानं नवी बगलफूट जोरात, ती काढायला दर आठवड्याला एक फेरी. जुनी पानं काढायची फेरी अजून नको. काडी पिकवायला तीच पानं लागतात.

20 जुलै

काड्या पिकत आहेत. तळाकडून तपकिरी रंग गाठीपर्यंत चढला आहे. ओळीगणिक दोन-दोन काड्या आडव्या कापून पाहिल्या: आतला गाभा तपकिरी झाला असेल तर काडी पिकली, हिरवट-पांढरा असेल तर नाही. बहुतेक ओळींत गाठीच्या खाली गाभा पक्का तपकिरी, सबकेनमध्ये अर्धवट. पंधरा-वीस दिवसांत होईल. तोवर पालाश चालू आणि बोर्डोची फवारणी पावसाची उघडीप बघून.

पट्ट्या मोजल्या. 214 पैकी 163 वेलींवर जागा भरली, झोपवलेल्या काड्यांवर चार बोटांच्या अंतरानं पिकत चाललेली काडी आहे. 51 राहिल्या. त्यातल्या बऱ्याच निळ्या खुणांच्या, जिथे काडीच नव्हती आणि नुसत्या डोळ्यावर भिस्त होती. त्यांच्याजवळ आता एकेक चांगली काडी मिळाली आहे; गोडी छाटणीला ती घडासाठी धरायची नाही, लांब राखून पुढच्या एप्रिलला झोपवायची. त्या वेलींना पिवळ्याऐवजी पांढरी पट्टी बांधली, म्हणजे ऑक्टोबरला टोळीची कात्री तिथे थांबेल.

चिंचेखालच्या ओळीत गाभा अजून हिरवा. खत तेच, पाणी तेच, छाटणीही त्याच दिवशीची. चिंच सामाईक बांधावर आहे. आण्णा आज संध्याकाळी शेजाऱ्यांशी बोलून आले. चिंचा उतरल्यानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पश्चिमेकडच्या दोन फांद्या कमी करायला त्यांची हरकत नाही. झाड राहणार.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डोळे तपासायला (आत घड आहे का ते बघायला) काड्या पाठवायच्या. प्रत्येक काडीवर गाठीच्या खालचे आणि वरचे डोळे वेगळे लिहून घ्यायचे. चिंचेखालच्या ओळीच्या काड्या वेगळ्या पिशवीत, झोपवलेल्या काड्यांवरच्या वेगळ्या.